दुसऱ्याच्या परमिटवर

काशिनाथराव,

तुमच्यावर मी एकदाच बातमी लिहिली. चार ओळींची. शहरालगतच्या सातारा परिसरात अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर काम करताना विजेचा धक्का बसून एक लाइनमन गंभीर जखमी झाला, त्याच्यावर उपचार सुरू आहेत, कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे ही घटना घडल्याचे प्राथमिक माहितीवरून समजते. बातमीत तुमचं नाव नव्हतं. आतल्या पानावर पाण्याच्या टँकरची मोठी बातमी होती, तिच्याखाली थोडी जागा उरली होती, तिथं ती बसवली. प्राथमिक माहिती म्हणजे एका अधिकाऱ्याचा फोन. निष्काळजीपणा हा शब्द त्याचा. मी तो जसाच्या तसा घेतला आणि दुसरा फोन केला नाही.

उद्या तुमचं तेरावं. तुमचं गाव, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण आहे, हे सगळं निधनवार्तेत येऊन गेलं आहे. मला त्या एका शब्दाबद्दल लिहायचं आहे, कारण तुमच्या घरात तो शब्द तुमच्याइतकाच राहिला. तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी मुकुंदवाडीला तुमच्या घरी आलो होतो. रुक्मिणीवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून झालं होतं. त्यांनी मला विचारलं, "पेपरात यायला एक दिवस लागला होता. काढायला किती लागतो हो?"

 तो शब्द काढणं तुमच्या हातात होतं, पण तुम्ही तो आयुष्यभर काढू दिला नाहीत.

आपली पहिली भेट आठवते. अपघाताला तीन-चार महिने झाले असतील. तुम्ही आमच्या पेपरच्या कचेरीचा जिना चढून आलात. शर्टाची उजवी बाही कोपराच्या वर दुमडून सेफ्टी पिनेनं टाचलेली. दारातच विचारलंत, "त्या चार ओळी कुनी लिहिल्या?" शेजारच्या टेबलावरच्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. भांडण होणार हे मी गृहीत धरलं आणि उठून उभा राहिलो.

"बसा बसा," तुम्ही म्हणालात. "भांडायला नाय आलो. एक चूक सांगायला आलो. तुम्ही लिवलंय, धक्का बसला. अकरा हजाराचा धक्का नसतो, साहेब. धक्का घरात बसतो, बाई ओल्या हातानं मिक्सर लावायला जाती तेव्हा. अकरा हजार धरती आन् भाजती. हाताकडून आत शिरती, पायाकडून निघती. हे बघा." मग चप्पल काढून तळपायाचं भोक दाखवलंत. बरं झालेलं, पण भोकच.

मी विचारलं, "आणि निष्काळजीपणा?"

"ते राहू द्या. ते बराबर हाय."

त्या दिवसापासून माझ्या हातून गेलेल्या कोणत्याही बातमीत लाइनमनला धक्का बसला असं छापून आलं नाही. भाजला, असं आलं. एवढी एक दुरुस्ती तुम्ही स्वतः येऊन करून घेतलीत. दुसरीला तुम्ही हात लावू दिला नाही.

त्या दिवसाबद्दल जे निर्विवाद आहे ते आधी लिहितो.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. जायकवाडी तळाला गेलं होतं. शहर मात्र बीड बायपास ओलांडून डोंगराकडे सरकत होतं. ज्वारीच्या रानांत प्लॉटिंगचे चुन्यानं रंगवलेले दगड आले, मग विजेचे खांब, मग तीनमजली इमारती. नळ आले नव्हते. पाणी टँकरनं यायचं. टँकर एका खासगी विहिरीवर भरायचे आणि त्या विहिरीच्या मोटारीला वीज लागायची. त्या सकाळी विहिरीजवळच्या ट्रान्सफॉर्मरला जोडणारी तार जळाली. विहिरीवर टँकरची रांग, कॉलनीत ड्रम घेऊन उभ्या असलेल्या बाया, आणि सगळ्यांच्या वतीनं वीज बोर्डाला फोन करणारे दोन-तीन पुढारी. ते काम तुमच्याकडे आलं.

लाइनवर चढण्याआधी लाइनमननं सबस्टेशनमधल्या ऑपरेटरला फोन करून परमिट घ्यायचं असतं. ऑपरेटर लाइन बंद करतो आणि वहीत त्या माणसाचं नाव व वेळ लिहितो. मग तारांवर अर्थिंगची साखळी टाकायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाते. काम संपलं की साखळी काढायची, आणि ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. त्यानंतर लाइन चालू.

त्याच लाइनवर, रस्त्याच्या वळणापलीकडे, तुमचे दोस्त युसूफभाई सकाळपासून काम करत होते. एका नव्या लेआउटच्या रस्त्यात येणारे खांब ते हलवत होते. परमिट त्यांच्या नावावर होतं, साखळी त्यांनी टाकलेली होती, लाइन बंदच होती. तुम्ही वेगळं परमिट मागितलं असतं तर इंजिनिअरला शोधा, त्याची परवानगी घ्या, वहीत दुसरी नोंद करा, यात अर्धा तास गेला असता. तुम्ही युसूफभाईंना फोन लावलात.

"भाई, तुझ्या परमिटवर चढायलो."

"चढ मियां, चढ."

लाइनवरच्या लोकांत हे रोजचं होतं. नियमांच्या पुस्तकात ही सोय नाही, पण घाईच्या दिवशी ती सगळेच वापरत. एकानं परमिट घ्यायचं, दुसऱ्यानं त्याला सांगून त्यावरच चढायचं. ज्याचं परमिट त्याच्याच साखळीवर भिस्त. यात कुणाला कुणाचे उपकार वाटत नसत. आज माझ्यावर, उद्या तुझ्यावर, इतकं ते सरळ होतं.

दुपारी युसूफभाईंचं काम झालं. त्यांनी साखळी काढली, सबस्टेशनला फोन करून परमिट परत केलं. ऑपरेटरनं लाइन चालू केली. तुम्ही खांबावर होतात.

चौकशीत तुम्हाला विचारलं गेलं, तुमच्या नावावर परमिट होतं का. तुम्ही म्हणालात, नव्हतं. कुणाला सांगून चढलात का, यावर तुम्ही म्हणालात, नाही. युसूफभाईंवर त्या वेळी आधीचीच एक चौकशी चालू होती. दुसरी लागली असती तर नोकरी गेली असती, हे तुम्हाला माहीत होतं. वहीत त्यांचं परमिट नियमानुसार घेतलेलं होतं आणि नियमानुसार परत केलेलं होतं. नियमाबाहेर फक्त तुम्ही होतात. अहवालात माझ्या बातमीतलाच शब्द आला. अधिकाऱ्यानं तो माझ्याकडे दिला आणि माझ्या कात्रणासकट तो परत त्याच्या फाइलमध्ये गेला.

पुढं तुम्हाला सबस्टेशनमध्ये बसवलं. फोन घ्यायचा आणि वही लिहायची. डाव्या हातानं. पहिल्या महिन्यांतली तुमची पानं मी पाहिली आहेत. अक्षर रेघ सोडून खाली घसरतं, वेळेचे आकडे मात्र घट्ट. लोडशेडिंगच्या बातम्यांसाठी मी तिथं येऊ लागलो. खरं सांगायचं तर बातम्या फोनवरही मिळत असत. तुमचं काम ऐकायला मी येत असे.

तिथं तुम्ही एक पद्धत घालून घेतली होती. परमिट परत करायला फोन आला की तुम्ही वर कितीजण होते ते विचारायचात आणि त्यातल्या प्रत्येकाला फोनवर घ्यायचात. एकाच्या सांगण्यावर लाइन चालू करायची नाही. एका दुपारचं संभाषण माझ्या वहीत आहे.

"कोन, गणेश? वर कितीजण होते?"

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, तुम्ही फोनवर हात ठेवून सांगायचात.

"दोघं. मग तू बोललास. गजा कुठाय? … लघवीला गेलाय? त्याचं होऊ दे. झाल्यावर बोलायला लाव. … नाय, तोवर लाइन बंद. … अख्खं देवळाई बोंबलू दे रे. बोंबलनारा जित्ता असतो."

पाच मिनिटांनी गजा फोनवर आला. तुम्ही त्याला विचारलंत, "कुठं उभा हायस? पायाखाली काय हाय?" तो काहीतरी चिडून बोलला. तुम्ही हसलात. "दगड हाय ना? मग बरंय." मग वहीत वेळ लिहिलीत आणि हँडल ओढलंत.

इंजिनिअर लोक वैतागायचे. तुमच्यामुळं प्रत्येक कामाला उशीर होतो, असा लेखी मेमो तुम्हाला आला होता. तो तुम्ही मला दाखवलात आणि म्हणालात, "ह्यो छापा. ह्याच्यात माझं नाव बी हाय."

याच सबस्टेशनमध्ये, बाहेर कडुलिंबाखाली चहा घेताना, मला एकदा दुसऱ्या एका लाइनमनकडून कळलं की तुम्ही त्या दिवशी युसूफच्या परमिटवर होतात. मी तुम्हाला थेट विचारलं. नाही म्हणणं तुम्हाला जमलं असतं. पण तुम्ही हो म्हणून मान हलवलीत आणि एक वेगळीच गोष्ट सांगितलीत. काम झालं होतं, तुम्ही खाली उतरला होतात, युसूफभाईंना फोन करून 'उतरलो' असं सांगितलंही होतं. मग एक बोल्ट ढिला राहिल्यासारखा वाटला, दोन मिनिटांचं काम म्हणून परत चढलात. "खांबाला बांधायचा पट्टा बी नाय लावला," तुम्ही म्हणालात. "एवढा गाढव मी. युसूफचं काय चुकलं? मी सांगितलं उतरलो, त्यानं परत केलं. तुमचा शब्द बराबर हाय, पेपरवाले."

मी विश्वास ठेवला. कुणी स्वतःविरुद्ध बोलतो तेव्हा आमच्या धंद्यात त्याची उलटतपासणी होत नाही.

पण शब्दावरचं भांडण मी सोडलं नाही. मी म्हणालो, परत चढलात ही तुमची चूक धरा, पण दुसऱ्याच्या परमिटवर चढायची पद्धत तुमच्या एकट्याची नव्हती. ती अहवालात आली असती तर बंद झाली असती. मी आता लिहू का? तुम्ही नको म्हणालात. वर्षभरानं पुन्हा विचारलं. पुन्हा नको.

"पद्धत मी हितं बसून मारायलोच ना," तुम्ही म्हणालात.

"एका सबस्टेशनमध्ये."

"मग? माझ्या हाताखाली एकच हाय."

"तुम्ही एक माणूस वाचवला आणि बाकीच्यांना तसंच वर ठेवलंत, काशिनाथराव."

हे मी बोललो. ते कठोर होतं आणि आजही मला ते चूक वाटत नाही. तुम्ही कपातला चहा ओतून टाकलात आणि आत गेलात.

पुढच्या दुष्काळात, शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या कारखान्यांच्या वसाहतीकडे, एका परमिटवर दोन माणसं चढली. एकानं उतरून परमिट परत केलं. दुसरा गेला. मी ती बातमी सविस्तर लिहिली, यावेळी चार जणांशी बोलून. अंक घेऊन तुमच्याकडे आलो. का आलो, ते आज नीट सांगता येत नाही. वाद जिंकायला आलो होतो असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. तुम्ही बातमी दोनदा वाचलीत. मला बसा म्हणाला नाहीत. फोन वाजला, तुम्ही तो घेतलात, प्रत्येकाचं नाव विचारलंत, वहीत लिहिलंत. 

त्यानंतरच्या सुट्ट्यांत तुम्ही काय केलंत ते मला तुमच्याकडून कधीच कळलं नाही. वाळूज, पैठण रोड, हर्सूल, पार कन्नडपर्यंत तुम्ही एसटीनं आणि काळीपिवळीनं फिरलात. प्रत्येक सबस्टेशनमध्ये जाऊन ऑपरेटरला सांगितलंत की एकाच्या फोनवर लाइन चालू करू नका, सगळ्यांचे आवाज घ्या. कुणी चहा दिला, कुणी तुमच्याकडे ऑर्डर आहे का विचारलं. एका ऑपरेटरनं मला नंतर सांगितलं, "ते काय बी समजावून सांगत नव्हते. बाहीची पिन काढायचे, दाखवायचे, परत लावायचे. मग म्हनायचे, आता तुमची मर्जी." त्या माणसानं त्या दिवसापासून तसं करायला सुरुवात केली. किती जणांनी केली, याची मोजणी कुणाकडे नाही. माझ्याकडेही नाही.

तुमच्या घरचा एक प्रसंग लिहितो, तो वहिनींच्या परवानगीनं. आंब्याचे दिवस होते, तुम्ही मला जेवायला बोलावलं होतं. आमरसाची वाटी डाव्या हातानं सरकवताना कलंडली, रस सतरंजीवर आला. वहिनी पोतेरं घेऊन आल्या.

"सांडलं? निष्काळजी ते निष्काळजीच. उगाच आलं होतं का पेपरात?"

"छापून आलंय म्हनल्यावर खरंच असनार," तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे बघून डोळा मारलात.

वहिनी हसल्या, मीही हसलो. पण त्या आत गेल्यावर तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "तिच्या माहेरचे लोक अजून बी तेच म्हनत्यात. जावई धांदरट. तिला लागतं ते." मी म्हणालो, मग सांगा ना तिला तरी, परमिट दुसऱ्याचं होतं म्हणून. तुम्ही म्हणालात, "ती सांगंल मग. बाई हाय, भावाला सांगंल. भाऊ गावाला सांगंल. युसूफ रोज ह्या गल्लीतनं जातो." आणि आमरस पुन्हा वाढून घेतलात.

तिसऱ्यांदा मी विचारलं ते तुम्ही निवृत्त झाल्यावर. तेव्हाही नको. "आता कशाला उकरता? शब्दाला काय वजन असतं?" असं म्हणालात. हे तुम्ही मला, ज्याचं पोट शब्दांवर चालतं त्याला, सांगत होतात. तो वाद तिथंच राहिला.

दहाव्याचा विधी कायगावला नदीवर झाला. माणसं दुपारी परत मुकुंदवाडीला जेवायला आली. युसूफभाई मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, ताट न घेता. आता तेही निवृत्त आहेत. दाढी पांढरी, पण तळहात अजून तारेनं कापल्यासारखे. त्यांनी मला शेजारी बसवलं.

"साब, वो उतराच नै था."

मला आधी कळलंच नाही, कशाबद्दल बोलतायत.

"उस दिन. खांबे पर से. वो उतराच नै था."

मी म्हणालो, काशिनाथरावांनी मला सांगितलं होतं की ते उतरले, तुम्हाला फोन केला, मग परत चढले.

"कायका फोन? कोई फोन नै आया. मैं उसकी लाल गाडी देखा. बायपास पे जा रही थी. मैं समझा, मियां का काम हो गया, चला घर. साखळी निकाला, परमिट वापस कर दिया." ते थांबले. "मैं गाडी देखा, साब. आदमी नै देखा. गाडी पे दूसराच आदमी था."

"हे तुम्ही इतकी वर्षं…"

"उसने कसम डाली थी. दवाखाने में, हाथ काटने के पहले. बोला, तेरे बच्चे छोटे हैं, मुंह बंद रख. मैं रख्या." मग म्हणाले, "अब किसकी कसम?"

त्या संध्याकाळी घरी येऊन मी त्या वर्षांच्या माझ्या वह्या काढल्या. वह्या मी फेकत नाही, इतकीच माझी शिस्त. त्या दिवशी टँकरच्या बातमीसाठी फिरताना मी घटनास्थळीही गेलो होतो, तुम्हाला नेल्यानंतर. एका टँकर ड्रायव्हरचं बोलणं पेन्सिलनं लिहिलेलं आहे: "त्यांनी मला त्यांची गाडी देऊन दुकानावर बोल्ट आणायला धाडलं. मी येऊन बघतो तर ते पट्ट्याला लोंबकळायले."

म्हणजे तुम्ही वर पट्ट्यात अडकून बोल्टची वाट पाहत होतात. काम संपलेलं नव्हतं. उतरण्याचा प्रश्न नव्हता. तुमची लाल मोटारसायकल त्या ड्रायव्हरकडे होती. आणि पट्टा लावलेला होता. मला पटावं म्हणून तुम्ही स्वतःवर एक आळ जास्तीचा घेतलात, पट्टा न लावल्याचा, आणि तिथंच तुमची गोष्ट फुटते. ती ओळ माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण चार ओळींत ती बसत नव्हती आणि अधिकाऱ्याचा शब्द बसत होता. तुमच्या तोंडून पट्ट्याचं ऐकलं तेव्हाही मला ती आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी तुमच्या घरी आलो. युसूफभाईंनाही बोलावलं. वहिनींसमोर त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, यावेळी मराठीत, अडखळत. मी ओळ वाचून दाखवली.  मग वहिनींनी जे विचारलं ते आम्हा दोघांना नव्हतं, तुमच्या फोटोकडे बघून होतं.

"मग मी बोलायचे ते ऐकून कशाला घेत होता?"

युसूफभाई मान खाली घालून बसले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं, भाई?"

"हां, भाभी."

"आन् दर ईदला डबा घेऊन यायचात. ह्याच खोलीत बसायचात. मी तुमच्यासमोर ह्यांना धांदरट म्हनायचे."

"हां, भाभी."

त्या उठल्या, आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. आल्या तेव्हा हातात ताट होतं. ते त्यांनी युसूफभाईंच्या पुढ्यात ठेवलं. "काल बी जेवला नाहीत तुम्ही. मी बघितलं होतं. जेवा." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही लिहा. समदं लिहा. ह्यांचं नाव घालून."

"मेरा बी," युसूफभाई म्हणाले. "अब मेरेकु कौन निकालता?"

तुमच्या घरात त्या दिवशी कुणी कुणाला माफ केल्याचं मी पाहिलं नाही. एक माणूस जेवला आणि एक बाई त्याला वाढत राहिली, एवढं मी पाहिलं. कुणी मला विचारलं तर मी तेवढंच सांगेन.

आपला वाद मी अजून सोडलेला नाही. तुमच्या गप्प बसण्यानं युसूफभाईंची मुलं शिकली आणि पलीकडच्या वसाहतीत एक माणूस गेला. या दोन गोष्टी एकमेकींतून वजा करता येत नाहीत. तुम्हीही त्या वजा केल्या नाहीत, नाहीतर सुट्टीच्या दिवशी एसटीत बसून कन्नडला गेला नसतात. मी तुम्हाला कठोर बोललो. तुमच्यापेक्षा माझ्या चार ओळी त्या वसाहतीतल्या मरणाला कमी जबाबदार होत्या, असं मला म्हणता येत नाही. हे मी तुम्ही असताना बोलायला हवं होतं. अनेकदा आलो, चहा प्यालो, बोललो नाही. तुम्ही मला कधी घाई केली नाहीत. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, आणि त्याचाच मला राग आहे.

आमच्याकडे चूक मान्य करण्याची एक ठरलेली रीत आहे. ती कोरडी असते, पण तिला तारीख असते आणि ती फाइलमध्ये जाते. म्हणून त्याच रीतीनं लिहितो.

दुरुस्ती: सातारा परिसरात लाइनमन काशिनाथ यांना झालेल्या अपघाताच्या बातमीत, तो त्यांच्या निष्काळजीपणामुळे घडल्याचे म्हटले होते. ते चुकीचे होते. काशिनाथ यांनी स्वतःच्या नावावर परमिट घेतले नव्हते, हे खरे आहे. ते सहकारी युसूफ यांना सांगून त्यांच्या परमिटवर चढले होते. अशी पद्धत त्या वेळी सर्रास होती आणि ती कुणी रोखली नव्हती. काशिनाथ खांबावर, सुरक्षा पट्टा लावून, काम करीत असताना परमिट परत करण्यात आले आणि लाइन चालू झाली. तसे दर्शवणारी माहिती त्याच दिवशी वार्ताहराजवळ होती. ती त्याने छापली नाही.

हे छापू का, असं मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं. या वेळी विचारलेलं नाही.